फोजेरच्या द्राक्षमळ्यांत जुने घर घेताना: कागदपत्रे, मुदती आणि खर्च

दक्षिण फ्रान्समधील एरो जिल्ह्यात, बेझिए शहराच्या उत्तरेला डोंगरउतारावर फोजेर हा द्राक्षपट्टा आहे. शिस्ट या थरदार खडकाची जमीन आणि तीत सिरा, ग्रेनाश, मूर्वेद्र, कारिन्यां आणि सँसो या जातींच्या वेली. येथील लाल वाईनला 1982 मध्ये आणि पांढऱ्या वाईनला 2005 मध्ये भौगोलिक नामांकन मिळाले. हा पट्टा सात गावांच्या शिवारांत पसरलेला आहे आणि त्यांपैकी एका गावाच्या कडेला आम्ही 2023 मध्ये जुने घर विकत घेतले. वस्ती इतकी लहान आहे की गावाचे नाव लिहिले तर विक्रेते कोण हे लगेच कळेल, म्हणून ते देत नाही. हा व्यवहार करताना मराठीत लिहिलेले काहीच हाताशी नव्हते, आणि इंग्रजीत होते ते बहुतेक निवृत्त ब्रिटिशांसाठी लिहिलेले होते. भारतीय कागदपत्रे घेऊन नोतेरच्या, म्हणजे खरेदीचे दस्त करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, दारात उभे राहणाऱ्या माणसाला नेमके काय लागते, ते येथे क्रमाने नोंदवते.

आम्ही 2015 पासून माँपेलिए येथे राहतो. माझे काम बहुतांशी घरून चालते आणि पतीचे आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात असते, त्यामुळे तासा-सव्वा तासाच्या अंतरावर राहणे शक्य होते. ओळखीतील अनेक जण दोन प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे आधीच देते. फ्रान्समध्ये घर घेण्यासाठी परदेशी नागरिकाला निवास परवान्याची अट नाही, आणि घर घेतल्यामुळे निवास परवाना मिळतही नाही. परवान्याची उरलेली मुदत पाहते ती कर्ज देणारी बँक.

शोध 2022 च्या शरद ऋतूत सुरू झाला. या भागातील जुन्या घरांची रचना वाईनच्या धंद्याने ठरवलेली आहे. तळमजल्यावर गाडी आत जाईल एवढा कमानदार दरवाजा, त्यामागे पिंपे, अवजारे आणि एके काळी घोडा ठेवण्याची प्रशस्त खोली, वरच्या मजल्यावर राहण्याची जागा आणि त्याच्यावर गवताचा माळा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लांगदोक प्रांतात वाईनचा पैसा आला तेव्हा अशी घरे बांधली गेली. पुढे अतिउत्पादनामुळे भाव कोसळले आणि 1907 मध्ये शेतकऱ्यांचा प्रचंड उठाव झाला. त्या चढउतारांच्या खुणा घरांत अजून दिसतात. आम्हाला पसंत पडलेल्या घराच्या तळमजल्यावर वाईनची सिमेंटची टाकी होती, छप्पर धड होते, तापवण्याची सोय एका चुलीपुरती होती आणि घरामागे चौदा आर द्राक्षमळा होता. येथे क्षेत्र आपल्या सातबाऱ्याप्रमाणेच हेक्टर आणि आरमध्ये लिहितात, त्यामुळे नकाशा वाचताना परकेपणा वाटला नाही. साम्य तेवढ्यावर थांबत नाही. सातबारा जसा महसुलासाठी असतो आणि मालकीचा निर्णायक पुरावा नसतो, तसाच येथील कादास्त्र हा भूनोंदीचा नकाशा करआकारणीसाठी असतो. मालकी पाहायची ती नोंदवलेल्या खरेदीखतांत. कादास्त्र संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. गावी जाण्यापूर्वी तो पाहून ठेवल्यास वाट कोणाच्या जमिनीतून जाते, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारता येतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये आम्ही 88,000 युरोचा लेखी प्रस्ताव दिला. या टप्प्यावर एक सेंटही द्यायचा नसतो. नुसत्या खरेदीच्या प्रस्तावापोटी पैसे घेणे फ्रेंच कायद्याला मान्य नाही. प्रस्ताव स्वीकारला गेला आणि त्याच आठवड्यात आम्ही आमचा स्वतंत्र नोतेर नेमला. नोतेर हा वकील नव्हे. तो राज्याने नेमलेला अधिकारी असतो, दस्त तयार करतो, कर गोळा करतो आणि दोन्ही पक्षांना सारखाच बांधील असतो. विक्रेत्याचा एक आणि आपला एक असे दोन नोतेर असले तरी खर्च वाढत नाही, कारण ठरलेले मानधन ते आपसांत वाटून घेतात. आपल्या नोतेरला मात्र आपले प्रश्न अधिक मोकळेपणाने विचारता येतात, आणि माझे प्रश्न बरेच होते.

त्यांनी पहिल्या बैठकीत घराविषयी फार विचारले नाही, आमच्या लग्नाविषयी विचारले. तुमच्या विवाहाला कोणत्या देशाचा मालमत्ताविषयक कायदा लागू होतो, हा प्रश्न आम्हाला तोवर कोणी विचारला नव्हता. आमचे लग्न 2010 मध्ये पुण्यात झाले आणि लग्नानंतरचे पहिले बिऱ्हाडही तेथेच होते. सप्टेंबर 1992 ते जानेवारी 2019 या काळात झालेल्या विवाहांना फ्रान्समध्ये 1978 चा हेग करार लागू होतो, आणि त्यानुसार निवड केलेली नसल्यास लग्नानंतरच्या पहिल्या सामाईक निवासाच्या देशाचा कायदा धरला जातो. म्हणजे आमच्या बाबतीत भारतीय कायदा, ज्यात लग्नामुळे पती-पत्नीची मिळकत आपोआप सामाईक होत नाही. त्यामुळे दस्तात दोघांचे हिस्से स्पष्ट लिहावे लागले. नोतेरनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती या काळात लग्न झालेल्या प्रत्येक भारतीय जोडप्याने लक्षात ठेवावी. याच करारानुसार फ्रान्समधील सलग दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर पुढील मिळकतीला फ्रेंच कायदा आपोआप लागू होतो, आणि तसे नको असल्यास त्याआधी नोतेरकडे लेखी निवड करून ठेवावी लागते.

यासाठी दोघांचे जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागले. महानगरपालिकेने दिलेले मूळ दाखले पुरत नाहीत. त्यांच्यावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल मोहोर आणि त्यानंतर फ्रान्समधील न्यायालयाच्या यादीतील अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर, असा हा क्रम आहे. सासऱ्यांनी पुण्यातून कागद पुढे पाठवले आणि ते परत येईपर्यंत महिन्याहून अधिक काळ गेला. घराचा शोध सुरू करतानाच हे काम हाती घेतलेले बरे, कारण दाखले तयार असल्याने कोणाचे नुकसान होत नाही. भाषांतरासाठी पानाला सुमारे चाळीस युरो पडले. पतीचे फ्रेंच रोजच्या व्यवहारापुरते आहे. दस्त समजल्याशिवाय सही घेणे नोतेरला परवडत नाही, त्यामुळे दोन्ही सह्यांच्या वेळी दुभाषा ठेवण्याची सूचना झाली आणि आम्ही ती मानली.

साठेखत मार्चअखेर होणार होते, परंतु घर तीन भावंडांच्या नावावर वारसाहक्काने आलेले होते आणि सामाईक मिळकतीच्या विक्रीला प्रत्येक वारसाची सही लागते. धाकटी बहीण दूर उत्तरेत राहते. तिचे मुखत्यारपत्र येईपर्यंत एप्रिल उजाडला, आणि 1 एप्रिल 2023 पासून ऊर्जावापराच्या श्रेणीत (‘ए’ सर्वांत चांगली, ‘जी’ सर्वांत वाईट) ‘एफ’ किंवा ‘जी’ असलेले स्वतंत्र घर विकताना ऊर्जा परीक्षण अहवाल जोडणे बंधनकारक झाले. आमचे घर जी श्रेणीचे. नवा नियम, परीक्षक मोजके आणि सगळ्यांनाच अहवाल हवा, त्यामुळे साठेखत मे महिन्यापर्यंत पुढे गेले. तेव्हा मी वैतागले होते. आता तो अहवाल आमच्या दुरुस्तीचा आराखडाच बनला आहे, कारण कोणत्या क्रमाने काय केले तर किती श्रेणी सुधारेल हे त्यात खर्चाच्या अंदाजासह लिहिलेले असते, आणि त्याचे शुल्क विक्रेता भरतो.

विक्रेत्याने द्यायच्या तपासणी अहवालांचे बाड जाड होते, आणि ते सर्व वाचावे असे मी आग्रहाने सांगेन. 1949 पूर्वीच्या घरासाठी शिशाची तपासणी, जुलै 1997 पूर्वी बांधकाम परवाना मिळालेल्या घरासाठी ॲस्बेस्टॉसची, पंधरा वर्षांहून जुन्या वीज आणि गॅस जोडणीची, वाळवीची, पूर आणि वणव्यासारख्या धोक्यांची. शहरातून येणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटतो तो सांडपाण्याचा अहवाल. गावाच्या मध्यभागी सार्वजनिक गटार आहे, पण आमचे घर कडेला असल्याने त्याची स्वतःची सेप्टिक टँक आहे, आणि ती नियमांत बसत नाही असा शेरा अहवालात स्पष्ट होता. अशा वेळी खरेदीखतानंतर एका वर्षाच्या आत दुरुस्ती करण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते. साठेखतापूर्वी आम्ही दोन कंत्राटदारांकडून अंदाज मागवले. ते नऊ ते साडेअकरा हजार युरोंच्या दरम्यान होते, म्हणजे घराच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक. किंमत ठरवण्याच्या बोलण्यात हा आकडा असायलाच हवा.

मे महिन्यात नोतेरच्या कार्यालयात साठेखत झाले. पाच टक्के विसार, म्हणजे 4,400 युरो, नोतेरच्या खात्यात जमा केला. तो विक्रेत्याच्या हातात जात नाही. त्यानंतर खरेदीदाराला दहा दिवसांची मुदत मिळते, ज्यात कारण न देता माघार घेता येते आणि विसार परत मिळतो. विक्रेत्याला अशी मुदत नाही. साठेखतात आम्ही कर्ज मंजूर न झाल्यास व्यवहार रद्द होईल ही अट घातली होती. तिच्यात कर्जाची रक्कम, कमाल व्याजदर आणि मुदत नेमकी लिहिलेली असावी, कारण त्याच आकड्यांवर नकार मोजला जातो.

मग प्रतीक्षा सुरू झाली, आणि ती एकाच वेळी तीन ठिकाणी चालू होती. पहिली गावाची. शहरनियोजनाच्या हद्दीतील घर विकले जात असल्यास ते त्याच किमतीला घेण्याचा पहिला हक्क स्थानिक प्रशासनाला असतो आणि उत्तरासाठी दोन महिने मिळतात. मौन म्हणजे हक्क सोडला असे धरतात. दुसरी साफेरची. शेतजमिनीची विक्री साफेर या संस्थेला कळवणे नोतेरवर बंधनकारक आहे, आणि तिलाही दोन महिन्यांत अग्रक्रयाचा हक्क वापरता येतो. सट्टेबाजीला आळा बसावा आणि तरुण शेतकऱ्यांना जमीन मिळावी हा त्यामागचा हेतू. आमच्या चौदा आर मळ्यामुळे हा टप्पा टळणारा नव्हता. घर आणि शेतजमीन एकत्र विकली जात असेल तर साफेर केवळ शेतजमिनीपुरताही हक्क वापरू शकते, हे कळल्यावर मळा हातचा जाईल अशी धाकधूक लागून राहिली. शेजारच्या शेतकऱ्याला तो तुकडा हवा असता तर ती भीती निराधार नव्हती.

म्हणून आम्ही त्यांनाच भेटायला गेलो. गावात कोणाकडेही जाताना आधी स्वच्छ आवाजात ‘बोंज्यूर मस्य’ (नमस्कार, महाशय) म्हणायचे आणि समोरच्याने तेच म्हटल्याखेरीज विषयाला हात घालायचा नाही, एवढे शिष्टाचार पुरतात. ते मस्य अनेक वर्षे विक्रेत्यांच्या वतीने तो मळा कसत होते आणि द्राक्षे सहकारी वाईनगृहात देत होते. त्यांना मालकीत रस नव्हता, वेली नीट राहाव्यात एवढेच हवे होते. त्यामागे भावनेइतकेच व्यवहाराचे कारण होते. वेली सोडून दिल्या तर त्यांत रोग शिरतो, आणि फ्लाव्हेसांस दोरे या तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या घातक रोगाच्या नियंत्रणक्षेत्रात मालकाला फवारणी बंधनकारक असते, तर बेवारस वेली उपटाव्या लागतात. हे ऐकून घरची वाईन करण्याचे माझे स्वप्न फार लवकर शुद्धीवर आले.

भाड्याने जमीन दिल्यास फ्रान्समध्ये शेतीचा करार साधारणपणे किमान नऊ वर्षांचा होतो आणि कसणाऱ्याला भक्कम संरक्षण मिळते. नोतेरनी त्याऐवजी विनामोबदला वापराचा लेखी करार सुचवला. त्यात मुदत आपण ठरवतो, पण मोबदला खरोखर काहीही घ्यायचा नसतो, नाहीतर तो शेतीचा भाडेकरार मानला जाऊ शकतो. त्या वर्षीचे पीक कोणाचे, हाही मुद्दा साठेखतात लिहिला गेला, कारण खरेदीखत द्राक्षतोडणीच्या हंगामातच येणार होते. ज्यांनी छाटणी आणि फवारणी केली त्यांचेच पीक, असे ठरले.

तिसरी प्रतीक्षा बँकेची, आणि ती सर्वांत त्रासदायक होती. 2023 मध्ये व्याजदर दर महिन्याला चढत होते, आणि कर्जाच्या एकूण खर्चाची कायदेशीर कमाल मर्यादा त्या वर्षी फेब्रुवारीपासून दरमहा बदलली जात होती. विम्यासह हप्ता उत्पन्नाच्या 35 टक्क्यांपलीकडे नको आणि मुदत साधारण 25 वर्षांपलीकडे नको, हा नियम सर्व बँकांना लागू आहे. पहिल्या बँकेने जी श्रेणी पाहून बरेच आठवडे उत्तर लांबवले आणि शेवटी नकार दिला. दुसऱ्या बँकेने ऊर्जा परीक्षण अहवाल आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक पाहून 60,000 युरोचे कर्ज वीस वर्षांसाठी पावणेचार टक्क्यांच्या आसपास दिले. दोन बँकांत एकाच दिवशी अर्ज करावा आणि नकार आल्यास तो लेखी घ्यावा. विम्याबाबत एक दिलासा आहे. 2022 पासून, विमा उतरवलेली रक्कम माणशी दोन लाख युरोंच्या आत असेल आणि कर्ज साठाव्या वाढदिवसापूर्वी फिटत असेल, तर आरोग्याची प्रश्नावली भरावी लागत नाही.

उरलेल्या रकमेचा काही भाग पुण्यातील एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या रुपयांतील खात्यातून, आणायचा होता. त्यासाठी तेव्हा परदेशी पाठवायच्या रकमेवरील कराबाबत सनदी लेखापालाचे 15सीबी प्रमाणपत्र, त्यावर आधारित 15सीए अर्ज आणि बँकेचे स्वतःचे फॉर्म लागले. फ्रान्समध्ये पैसे पोहोचल्यावर बँक आणि नोतेर या दोघांनीही ते कोठून आले याचा पुरावा मागितला. आईने विकलेल्या सदनिकेचे खरेदीखत, तिने केलेले बक्षीसपत्र आणि आयकर विवरणपत्रे यांचा फ्रेंच सारांश मी स्वतःच लिहून जोडला, आणि तो मान्य झाला.

कर्जाचा अधिकृत प्रस्ताव जुलैअखेर टपालाने आला. तो हाती पडल्यावर पहिले दहा दिवस सही करता येत नाही, अकराव्या दिवसापासूनच करता येते. घाईने आधी सही केली तर स्वीकृतीच अवैध ठरते. दरम्यान गावाचे आणि साफेरचे दोन महिने हरकतीविना संपले होते. ऑगस्टमध्ये मात्र काहीच हलले नाही, आणि ते कोणीही हलवू शकत नाही. त्या महिन्यात वाळवीचा अहवाल सहा महिन्यांचा होऊन बाद झाला आणि विक्रेत्यांना तो पुन्हा करून द्यावा लागला. दस्ताच्या तारखेला कोणता अहवाल शिळा होईल, याची यादी साठेखताच्या दिवशीच करून नोतेरच्या सहायकाला दिली तर हा खोळंबा टळतो.

खरेदीखत सप्टेंबरच्या अखेरीस झाले. आदल्या दिवशी घर पुन्हा पाहून घेण्याची प्रथा आहे आणि ती पाळावी. पाणी आणि विजेच्या मीटरची छायाचित्रे काढावीत, तळमजल्यावरील सामान खरेच हलवले आहे का ते पाहावे. आमच्या विक्रेत्यांनी सर्व रिकामे केले होते, फक्त द्राक्षांच्या टोपल्यांची एक उतरंड आमच्यासाठी मुद्दाम ठेवली होती. दस्तवाचनाला दुभाष्यासह दोन तासांहून अधिक वेळ लागला. किमतीखेरीज सुमारे 7,700 युरो भरावे लागले. त्यांना लोक नोतेरची फी म्हणतात, पण त्यातील सर्वांत मोठा भाग, तेव्हा किमतीच्या सुमारे 5.8 टक्के, हा आपल्या मुद्रांक शुल्कासारखा कर असतो आणि नोतेरचे मानधन त्या मानाने थोडे. त्याखेरीज कर्जाच्या हमीपोटी बाराशेच्या आसपास, भाषांतर आणि दुभाष्यासाठी सहाशेच्या आसपास. वर्षाचा घरजमीन कर 1 जानेवारीला जो मालक असेल त्याच्या नावे येतो, म्हणून उरलेल्या महिन्यांचा हिस्सा आम्ही विक्रेत्यांना तेथेच दिला. किल्ल्यांसोबत मालकीचे छोटे प्रमाणपत्र मिळाले. विमा, वीज आणि निवास परवान्यावरील पत्ता बदलण्यासाठी तेवढे पुरते. नोंदणी होऊन मूळ खताची प्रत पुढच्या वसंतात हाती आली.

गावचे मेरी, म्हणजे महापौरांचे कार्यालय, आठवड्यातून ठरावीक सकाळीच उघडे असते. तेथील सचिव मादामनी पहिल्या भेटीत कचऱ्याच्या डब्यांपासून वणवा टाळण्यासाठी घराभोवती पन्नास मीटरपर्यंत झुडपे साफ ठेवण्याच्या बंधनापर्यंत सर्व शांतपणे सांगितले. जंगलालगतच्या घरांना हे बंधन लागू आहे आणि एरोसारख्या जिल्ह्यात ते गांभीर्याने घेतले जाते. खिडक्या बदलायच्या म्हणून आम्ही नोव्हेंबरमध्ये पूर्वसूचनेचा अर्ज दिला. एरवी त्याला एक महिना लागतो, परंतु घर संरक्षित वास्तूच्या पाचशे मीटर परिघात येत असल्याने शासकीय वास्तुविशारदाचे मत घ्यावे लागते आणि मुदत दोन महिन्यांची होते. उत्तर आले ते झडपा लाकडीच ठेवाव्यात आणि रंग दिलेल्या यादीतून निवडावा या अटींसह. यादीतील करडा हिरवा रंग आम्हाला मनापासून आवडला.

सेप्टिक टँकचे काम जून 2024 मध्ये, वर्षाच्या मुदतीच्या आत, दहा हजारांच्या किंचित वर रकमेत पूर्ण झाले. खड्डा मातीने बुजवण्यापूर्वी सांडपाणी विभागाचा निरीक्षक येऊन पाहणी करतो, त्यामुळे कंत्राटदाराची तारीख ठरवण्याआधी निरीक्षकाची वेळ घ्यावी. त्यांचे अनुरूपता प्रमाणपत्र आता खरेदीखताच्या फाइलमध्ये लावले आहे. पुढचे काम छताखालच्या उष्णतारोधक थराचे आहे आणि त्याचे अंदाज सध्या मागवत आहोत.